सिस्टरबाईंचा समुद्र

मिथुनच्या लग्नात केलेला सागवानी दिवाण अंजनाबाईंनी भिंतीला लावला, त्यावरची गादी गुंडाळून आतल्या खोलीत फेकली आणि नागपूरला फोन लावून मुलाला सांगितलं, "आता इकडे आलास का खाली झोपाचं. दिवाणावर मी समुद्र ठेवून राह्यली."

"काय ठेवून राह्यली?"

"समुद्र. खारं पाणी, रेती, दगड न मासे. तुह्या त्या बिल्डरच्या हापिसात होता तसा. झोपतानी चादर आपली आणजो."

आता एखाद्याला वाटेल, बाईचं डोकं फिरलं. अहेरीतही पुष्कळांना तसंच वाटलं होतं. पण ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो नागपुरात बसून "आई, असं काऊन करून राह्यली?" म्हणून विचारत होता, याचा आम्हाला आजही राग येतो.

अंजनाबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त सिस्टर. अर्ध्या अहेरीनं जन्मल्यावर पहिला श्वास त्यांच्या हातात घेतला, आणि उरलेल्या अर्ध्यानं आयुष्यातली पहिली झापड त्यांच्याकडून खाल्ली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. पोरगा शिकला, नागपुरात कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला, आणि तेव्हापासून त्याचा एकच ध्यास होता, की आईला नागपूरला न्यायचं. कारण काय, तर उन्हाळा. दर एप्रिलमध्ये फोन. "आई, तिथी भट्टी हाय. कशी राह्यतं तू?" जणू काही ती भट्टी यंदाच कोणी पेटवली होती.

मागच्या दिवाळीत तो तिला मोठा फ्लॅट दाखवायला घेऊन गेला. बिल्डरच्या ऑफिसात भिंतभर काचेची टाकी होती, निळा दिवा होता आणि त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले मासे डुलत होते. अंजनाबाईंना ते फार आवडले. त्यांनी सहज विचारलं, "हे मासे आपल्या अहेरीले जगतीन का?"

मिथुन बिल्डरकडे पाहून हसला. "काय आई! अहेरीत उन्हाळ्यात माणूस टिकत नाई, मासा काय टिकते!"

बिल्डर हसला. फ्लॅट दाखवणारी पोरगी तोंडावर हात ठेवून हसली. अंजनाबाई हसल्या नाहीत.

"माणूस टिकत नाई? मंग तुले एवढा मोठा कोणी केला बे? का कुरिअरनं मागवला होता?"

"तसं नाई आई..."

"कसं बी असो. हेच मासे मी अहेरीत ठेवतो. मृग लागेपर्यंत जगले तर नागपूरचं नाव काढाचं नाई, माह्या जिवात जीव हाय तोवर. न मेले तर मी सोताच पेटी भरतो न येतो तुह्या फ्लॅटमधी मराले. बोल, हाय कबूल?"

मिथुननं हातोहात कबूल केलं. मे महिन्यातली अहेरी त्याला माहीत होती. समुद्रातला मासा तिथे किती टिकेल, याची त्याला जरासुद्धा शंका नव्हती. त्यानं घरी येऊन नंदिनीला, म्हणजे बायकोला, आईच्या खोलीला कोणता रंग द्यायचा तेसुद्धा विचारलं.

तर असा तो समुद्र. टाकी चंद्रपूरहून पिकअपमध्ये गवताच्या पेंढ्यांत गुंडाळून आली. आणताना आलापल्लीच्या नाक्यावर वनखात्याच्या गार्डानं गाडी थांबवली. रिकाम्या टाकीत सागवान नाही याची त्यानं दोनदा खात्री करून घेतली आणि "एवढ्या काचेत काय ठेवणार सिस्टरबाई?" असं विचारून उत्तर ऐकल्यावर तिसऱ्यांदाही केली.

मग पाण्याचा प्रश्न आला. बोअरचं पाणी या माशांना चालत नाही, एकदम शुद्ध लागतं. अंजनाबाईंनी कॅनवाल्याला थंड पाण्याच्या कॅन भरपूर पाठवायला सांगितल्या. आता आमच्याकडे एखाद्या घरासमोर कॅनची रांग लागली, की त्याचा अर्थ एकच. घरात कार्यक्रम आहे. कॅन उतरत असतानाच शेजारची कांता पदर सावरत आली.

"सिस्टरबाई, काय कार्यक्रम हाय जी?"

"काई नाई. समुद्रात भराचं हाय."

"सांगाचं नसन तर नका सांगू," कांता फणकारली. "पण गल्लीतल्या गल्लीत माणसानं एवढं लपवू नये."

संध्याकाळपर्यंत गल्लीत तीन तट पडले. काही म्हणाले मिथुनला मुलगा झाला, काही म्हणाले बाईंनी गुपचूप घराची वास्तू उरकली, आणि ज्यांना निमंत्रण नव्हतं ते सगळे मिळून रुसले. म्हणजे सगळेच रुसले. त्यात किराणा दुकानदार वेगळा रुसला, कारण सिस्टरबाईंनी मिठाचं पोतं नागपूरहून मागवलं. "माह्या दुकानातलं मीठ काय अळणी हाय का?" असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होता. हे माशांचं खास मीठ असतं, हे त्याला समजावण्यात अंजनाबाईंनी वेळ घालवला नाही. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या अंगात मीठपाणी चढवलं होतं. कोणतं मीठ कुठे चालतं हे किराणावाल्याला विचारायची पाळी त्यांच्यावर आली नव्हती.

मीठ विरघळवलं, खारटपणा मोजला, रेती पसरली, दगड मांडले, पंप सुरू केला, निळा दिवा लावला. आणि मासे काही आणले नाहीत. कारण अशा टाकीत पाणी आधी महिनाभर तसंच फिरत ठेवावं लागतं. दगडांवर न दिसणारे जंतू धरतात, ते माशांची घाण पचवतात, तोवर मासा सोडला की मेलाच. अंजनाबाईंनी हे सगळं मोबाईलवर पाहून, आपल्या पद्धतीनं घोकून पाठ केलं होतं. पण गल्लीला कोण सांगणार? गल्ली रुसवा सोडून समुद्र पाहायला आली, तर आत नुसतं पाणी.

कांताचा नवरा सोमाजी निवृत्त वनरक्षक. सगळी नोकरी जंगलात काढल्यामुळे तो कुठल्याही जागेकडे आधी संशयानं पाहायचा. त्यानं टाकीला एक चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं.

"बाई, मासे कुठी गेले?"

"आले नाई अजून. पाणी पिकून राह्यलं."

"पाणी पिकते?"

"पिकते."

सोमाजीनं मान डोलावली, बाहेर जाऊन बायकोला हळूच सांगितलं, "मिथुनले फोन कर. बुढीचं काई खरं नाई."

कांतानं फोन केला. मिथुन म्हणाला, "माहीत हाय काकू. मृग लागेपर्यंत फक्त लक्ष ठेवा." आणि तो मनातून खूश झाला.

मासे आले ते नागपूरच्या बसनं, थर्माकोलच्या डब्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत. नारिंगी जोडी. अंजनाबाईंनी त्यांना नावं ठेवली, खाट नंबर एक आणि खाट नंबर दोन. दारावर भेटायच्या वेळेची पाटी लागली. काचेला बोट लावलं की बोटावर चापट. दवाखान्यातल्या जुन्या पेशंटपैकी एक म्हातारी आली, निळ्या दिव्याखालची टाकी पाहून हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, "एवढी मोठी सलाईन कोणाले लावून राह्यले बाई?" सोमाजी मात्र रोज एकच प्रश्न विचारायचा.

"वाढल्यावर रस्सा चांगला होते का याचा?"

"सोमाजीभाऊ, तुमचं बाळंतपण मी केलं नाई म्हणून वाचले तुमी!"

"माहं? माहं कसं करान बाई?"

"तेच तर म्हंतो!"

मार्च गेला, एप्रिल गेला. मे लागला आणि अहेरी तापली. सकाळी नऊलाच रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना. अंजनाबाईंच्या समोरच्या खोलीत एकच कूलर होता, मोठा, लोखंडी, लाकडाच्या किसाच्या ताट्या लावलेला. इतकी वर्षं तो पलंगाकडे तोंड करून होता. आता त्यांनी तो खिडकीतच तिरका करून टाकीकडे वळवला. वारा पाण्यावरून जायचा आणि पाणी गार राहायचं. त्या वाऱ्यानं टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जाई, तेवढं कॅनचं साधं पाणी त्या ओतत. आणि स्वतः? स्वतः ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन कोपऱ्यात बसत आणि घामाच्या धारा पुसत फोनवर मिथुनला सांगत, "काई गर्मी नाई. यंदा तर थंडच हाय."

खरं सांगायचं तर त्यांचा जीव उकडून निघत होता. पण ते त्या माशांपुढेसुद्धा बोलल्या नसत्या.

बुद्धपौर्णिमेला मिथुन आणि नंदिनी कारनं आले. मिथुनच्या हातात मिठाईचा डबा होता आणि चेहऱ्यावर सांत्वन करायला आलेल्या माणसाचा भाव होता. तो चपला काढून आत आला, टाकीजवळ गेला आणि तिथेच थांबला. खाट नंबर एक आणि दोन दोन्ही जागच्या जागी, टवटवीत, दगडाभोवती फिरत होते.

"जित्ते हाय?"

"मंग काय तुले सुतक लागलं पाह्यजे होतं?"

नंदिनी हसली. मिथुनला हसता आलं नाही. मृगाला आता थोडेच दिवस उरले होते.

त्या सकाळी अंजनाबाईंची नेहमीपेक्षा जास्त धावपळ झाली होती. टाकीतलं थोडं जुनं पाणी काढून नवं घालायचा दिवस तोच होता. जुनं खारं पाणी त्यांनी अंगणातल्या निळ्या ड्रममध्ये काढून ठेवलं. झाडाला घालता येत नाही, घातलं तर झाड मरतं, म्हणून संध्याकाळी नालीत सोडू म्हणाल्या. मग बुद्धवंदना झाली, खीर झाली, गल्लीत वाटून झाली. जेवणं उरकून मिथुन, नंदिनी आणि अंजनाबाई समोरच्या खोलीत खिरीच्या वाट्या घेऊन बसले. पाहुणे आले म्हणून कूलर जरासा त्यांच्याकडेही वळवला होता. माशांचा वाटा राखूनच, पण वळवला होता.

मिथुननं पहिला चमचा तोंडात घातला आणि तो तसाच थांबला.

"आई, खिरीत मीठ टाकलं का?"

"काई बोलतो का? खिरीत कोणी मीठ टाकते?"

"नंदू, तू पाह्य बरं."

नंदिनीनं चाखली. तिला खोटं बोलता येत नसे, हा तिचा मोठाच दोष. "मम्मी, थोडी... खारट लागते."

अंजनाबाईंनी स्वतः चमचाभर खाल्ली. खारट होती. चांगलीच खारट.

मिथुननं वाटी खाली ठेवली. नंदिनीनं चहा केला. चहा खारट. मिथुननं आणलेला पेढा काढला, नागपूरच्या दुकानातला पेढा, तोसुद्धा खारट लागला. पण त्या वेळी पेढ्याचं कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. मिथुनच्या डोक्यात दुसरंच शिरलं होतं.

"आई," तो अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तसं बोलला, "हे असं याच्याआधी बी झालं का? साखर समजून मीठ टाकणं? गॅस चालू राहून जाणं?"

"माह्या डोक्याले काई झालं नाई!"

"मासे जगले न आई, मान्य हाय. पण बाजी येगळी न हे येगळं. तू एकटी राह्यतं. उद्या गोळ्याच उलट्यासुलट्या खाल्ल्या तर? नागपूरले चांगले डॉक्टर हाय. आपण उद्याच निघू."

एरवी अंजनाबाईंनी त्याला उभा कापला असता. पण त्यांच्या जिभेवरही मीठ होतं. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटून घेतलं आणि स्वतःचं बीपी पाहिलं. ठीक होतं. लहान मुलांच्या लसींचं वेळापत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून पाहिलं. एकही लस चुकली नाही. तरी खीर खारट होती. कित्येक बायकांना, कित्येक पोरांना "काई नाई होत तुले" म्हणून ठणकावणाऱ्या त्या बाईला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. मेल्या माशांनी हरवलं असतं तर चाललं असतं. आपल्याच डोक्यानं हरवायचं म्हणजे फारच झालं.

तेवढ्यात मागच्या दारातून कांता आली. हातात रिकामा डबा.

"सिस्टरबाई, खीर उरली असन तर द्या न थोडी. बुढा आयकूनच नाई राह्यला. अशी गोड खीर कधी खाल्ली नाई म्हंते."

अंजनाबाई ताडकन उठल्या. "काय म्हणलं?"

"गोड झाली म्हणलं. काऊन? आणखी काय होईन खीर?"

"कोठी बसून खाल्ली तुमी?"

"आमच्या घरी. छपरीत."

अंजनाबाईंचा चेहरा पार बदलला. गावात हगवणीची साथ आली की त्या अशाच व्हायच्या. कोणी कुठलं पाणी प्यालं, कोण कुठे जेवलं, एकेकाला उभं करून विचारायचं. त्यांनी कांताचा हात धरला आणि तिला समोरच्या खोलीत आणलं. पातेल्यातली खीर वाटीत घातली आणि तिला कूलरसमोर बसवून खायला लावली. कांतानं दोन चमचे खाल्ले आणि तोंड वाकडं केलं.

"अवं माय! ही दुसऱ्या गंजातली हाय का?"

"एकाच गंजातली. मिथुन, तोंड पूस. बाहेर जा, छपरीत बस न मंग खाय."

"आई, काय लावलं..."

"जातं का नाई?"

मिथुन ओठ पुसून छपरीत गेला, चमचा तोंडात घातला, आणि तिथूनच ओरडला, "गोड हाय!"

अंजनाबाईंनी कूलरच्या जाळीवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मग मिथुनच्या काळ्या लॅपटॉपवर पांढरी बारीक पूड बसली होती, तिच्यावर बोट फिरवलं. नंदिनीच्या केसांवर, सोफ्यावर, पेढ्याच्या उघड्या डब्यावर, सगळीकडे तीच पूड होती. ताट्यांतून उडणारे तुषार सगळ्यांच्या तोंडावर येऊन बसत होते.

"माह्या कूलरमधी पाणी कोणी टाकलं?"

आमच्याकडे मे महिन्यात एक रिवाज आहे. जाता-येता कोणाच्याही खिडकीतला कूलर कोरडा दिसला, तर त्यात दोन बादल्या टाकून पुढे जायचं. विचारायचं नाही, सांगायचंही नाही. त्याचे आभारही कोणी मानत नाही. उन्हाळा असाच निघतो.

गोंगाट ऐकून सोमाजी दारात आला होता. त्यानं छाती पुढे काढली. "मी टाकलं. सकाळी जातानी पाह्यलं, कूलर निरा कोरडा. तुमी वंदनेत होत्या. आंगणात ड्रम भरून होता, नितळ पाणी. म्हणलं, एवढं चांगलं पाणी फेकतीन कायले?"

"सोमाजीभाऊ, ते समुद्राचं पाणी व्हय!"

"आता मले काय मालूम! पाण्यावर लिवलं होतं का?"

अंजनाबाई मुलाकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज मात्र पहिल्यासारखाच खणखणीत होता. "आता बोल. कोणाचं डोकं फिरलं? उद्या निघू म्हणून राह्यला होता ना? निघ!"

मिथुन काहीतरी बोलणार होता, पण त्याच्याआधी कूलर बोलला. आधी आतून चर्रर्र आवाज आला. मग फट्‌ झालं, निळा धूर निघाला, आणि घरातली सगळी वीज गेली. सकाळपासून खारं पाणी पिऊन कूलरच्या मोटरनं जीव दिला आणि जाताना बोर्डालाही घेऊन गेला. इन्व्हर्टरनं एकदा शिट्टी वाजवली आणि तोही गप्प बसला.

टाकीवरचा निळा दिवा विझला. पाणी फिरायचं थांबलं. बाहेर ऊन असं होतं, की अंगणातल्या नळाला हात लावता येत नव्हता.

इलेक्ट्रिशियनला फोन केला. तो पौर्णिमेच्या कार्यक्रमाला गेला होता, परत यायला वेळ लागणार होता. कांतानं सूप आणलं आणि टाकीवर वारा घालायला लागली. नंदिनी मगानं पाणी उपसून वरून सोडायला लागली, म्हणजे पाण्यात हवा मिसळेल. अंजनाबाई थर्मामीटरकडे पाहत होत्या. पारा चढतच होता. थोड्या वेळात खाट नंबर दोन दगडाजवळ आडवा झाला, त्याचे कल्ले जोरजोरात उघडझाप करू लागले.

मिथुन नुसता उभा होता. काही केलं नाही तरी तो जिंकत होता.

अंजनाबाईंना ते दिसलं. "कायले उभा हायस? जिंकून राह्यला ना तू? जा, कारमधी एसी हाय. बस जाऊन."

मिथुननं आईकडे पाहिलं. ओला दुपट्टा आणि लाल झालेला चेहरा. मग त्यानं माशाकडे पाहिलं. आणि एकदम ओरडला, "एसी! आई, बादली दे! टाकीतलंच पाणी घे, जल्दी!"

दोन मिनिटांत खाट नंबर एक आणि दोन बादलीत होते, बादली कारच्या मागच्या सीटवर नंदिनीच्या मांडीवर होती आणि एसी पूर्ण सोडलेला होता. माणसं बाहेर उन्हात आणि मासे आत गारव्यात. सगळी गल्ली जमली. काचेला नाकं लावून लोक पाहू लागले.

"मासे नागपूरले चालले का जी?" कोणीतरी विचारलं.

अंजनाबाई कारच्या बोनेटसमोर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. "कोठी नाई चालले! मिथुन, चाक एवढंसं जरी हाललं ना, तर मी इथीच आडवी होतो! मासे अहेरीतच राह्यतीन!"

"आई, मी फक्त सावलीत घेऊन राह्यलो गाडी."

"ढकलून घे! चालवाची नाई!"

आणि खरंच, गल्लीनं ती कार मासे, नंदिनी आणि चालू एसीसकट ढकलत कडुनिंबाखाली नेली. सोमाजी सगळ्यात जोरात ढकलत होता. आपल्यामुळे हे झालं याची त्याला लाज वाटत होती, पण ते तो कबूल करणार नव्हता. "हळू ढकला बे, पेशंट हाय!" म्हणून तोच इतरांवर खेकसत होता.

इलेक्ट्रिशियन आला, बोर्ड झाला, टाकीचा पंप सुरू झाला. नारिंगी जोडी परत टाकीत गेली. खाट नंबर दोननं संध्याकाळी खाल्लं तेव्हा कांतानं टाळी वाजवली आणि चापट खाल्ली. पण कूलरची मोटर चंद्रपूरला पाठवावी लागणार होती, ताट्या बदलाव्या लागणार होत्या, आणि तोवर उन्हाळा काही थांबणार नव्हता. नंदिनीची नोकरी होती, ती दुसऱ्या दिवशी बसनं गेली. मिथुनचं काम लॅपटॉपवर चालायचं. तो म्हणाला, "मोटर येईपर्यंत राह्यतो. कार जवळ असली तर बरी."

मोटर आली. तरी तो राहिला. का राहिला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पहाटे उठून तो ड्रम तपासायचा, दुपारी टाकीपाशी खाली चादरीवर पालथा पडून काम करायचा, आणि कोणी न विचारता कूलरमध्ये पाणी टाकायला आलं की आधी ते पाणी चाखून पाहायचा. अंगावर घामोळं उठलं, रंग काळवंडला. आठवड्याभरात तो पांढरं उपरणं ओलं करून डोक्यावर घ्यायलाही शिकला.

मृग लागला. पाऊस काही लागला नाही. पण पंचांगात मृग होता आणि टाकीत दोन मासे होते. मिथुननं सकाळी सगळ्या गल्लीसमोर हात जोडले.

"आई, तू जिंकली. माह्या तोंडून आता नागपूरचं नाव निघणार नाई. तू इथीच राह्य, जशी राह्यतं तशी." गल्लीतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

अंजनाबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा अंगावर धुतलेली साडी होती आणि हातात पेटी होती.

"कोठी चालली?"

"नागपूरले."

"नागपूरले? अन् मंग ही बाजी? हे सगळं कायले केलं?"

"माहा जीव उकडून गेला बापू," अंजनाबाई म्हणाल्या. इतक्या महिन्यांत हे पहिल्यांदाच त्यांनी मोठ्यानं कबूल केलं होतं. "तुह्या घरी एसी हाय. नंदिनीनं सुट्टी काढली. पंधरा-वीस दिवस राह्यतो, सिनेमा पाह्यतो, बर्फाचा गोळा खातो, न येतो."

"मंग थांब, मी गाडी काढतो."

"गाडी नाई पाह्यजे. गाडीत बसली का लोक म्हंतीन पोरानं बुढीले नेलं. मी बसनं चालली. जाणं येगळं न नेणं येगळं."

त्या चालायला लागल्या. सोमाजीनं पेटी घेतली. अख्खी गल्ली त्यांच्या मागे बसस्टँडपर्यंत गेली, मिथुनसुद्धा. खाट नंबर दोनला दगडाच्या मागे खायला टाकायचं, उडून कमी झालेलं पाणी भरताना साधंच घालायचं, काचेला कोणाला बोट लावू द्यायचं नाही, असं सगळं त्या रस्ताभर सांगत होत्या. खिडकीजवळची जागा मिळाली. बस सुरू झाली तेव्हा मिथुन खिडकीला धरून बरोबर चालत होता.

"आई, अन् मी? मी नागपूरले कधी येऊ?"

"तुले कोणी धरून ठेवलं का? मनात आलं का ये. पण मासे एकटे सोडून नको येजो."

बस वळली आणि दिसेनाशी झाली. मिथुन उपरणं डोक्यावर ओढून घराकडे पळत सुटला, कारण दहा वाजून गेले होते आणि कूलरमध्ये पाणी टाकायचं राहिलं होतं.